शंभर दाणे

ता. चिखली
२१ मे २०२५

पुंजाजी,

तुझा जय भीम, माझा रामराम. फोनवर अभिनंदन करावं म्हणून परवापासून तीनदा लावला. तिन्ही वेळा तू दुसऱ्या कॉलवर. असणारच. चिखलीच्या कार्यशाळेत तू शेवटी आपला नंबर दोनदा सांगितलास आणि बायांनी तो तळहातावर लिहून घेतला. आता मोठ्या माणसाला पत्रच लिहावं लागणार.

मंचावरून मी तुला दिसलो की नाही, माहीत नाही. तिसऱ्या रांगेत खांबाजवळ बसलो होतो. शेजारी आमच्या गावच्या मंजुळाबाई होत्या. त्यांनी वही काढून तुझा शब्दन्‌शब्द उतरवून घेतला. मी वही काढली नाही. मंगल कार्यालय गच्च भरलेलं, मागे कापडी फलक, त्यावर ‘शाश्वत शेती कार्यशाळा’ आणि खाली ‘मार्गदर्शक : प्रयोगशील शेतकरी मा. पुंजाजी’. मा. म्हणजे माननीय. आपण दोघं शाळेत एका बाकावर होतो तेव्हा मास्तर तुझ्या नावाआधी काय लावायचे, ते मला चांगलं आठवतं.

आणखीही एक आठवतं, राग मानू नकोस. तुला पहिल्या कार्यशाळेला कोणी नेलं? मी. तू नुकताच सासुरवाडीच्या शेतावर लोणारकडे राहायला गेला होतास आणि मी माझ्या मोटारसायकलवर मागे बसवून तुला बुलढाण्याला नेलं. तू म्हणाला होतास, “मले त्यातलं काई समजत नाई बे. जेवन असन तं येतो.” जेवायला बुंदी आणि मठ्ठा होता. त्याआधी गांडूळखतावर भाषण चालू असताना तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलास. तुझ्या वाटणीची माहिती मीच लिहून घेतली.

माझ्याकडे आज एकतीस कार्यशाळांच्या कापडी पिशव्या आहेत. विमल त्यांत डाळी भरते. टोप्या बारा. पेनांचा हिशेब नाही. अकोल्यापासून जालन्यापर्यंत एक शिवारफेरी मी चुकवली नाही, आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली की पहिला हात कोणाचा वर होतो ते साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. आणि मंचावरची खुर्ची कोणाला मिळाली? जो झोपला त्याला.

तर अभिनंदन.

प्रात्यक्षिक चांगलं झालं. घमेल्यात सोयाबीन घेतलंस, त्यावर ते शेण, गोमूत्र, चुना आणि बांधावरची माती कालवून केलेलं बीजामृत ओतलंस आणि दोन्ही हातांनी रगडून रगडून चोळलंस. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. या वेळी मी प्रश्न विचारला नाही. कार्यशाळा भरवणाऱ्या संस्थेचे उत्तमराव माइक घेऊन माझ्याकडे बघत थांबलेसुद्धा, सवयीने. मी मान हलवली. घसा बसला होता.

कार्यशाळेच्या आठ दिवस आधी तुझा फोन आला होता, तेव्हा मी जरा घाईत होतो. काय बोललो ते नीट आठवत नाही. तुला आठवत असेल तर सोडून दे.

शेषराव


ता. चिखली
२७ जून

पुंजाजी,

पत्राचं उत्तर नाही. आता फोन वाजतो, पण तू उचलत नाहीस. असो.

आमच्याकडे पेरण्या उरकल्या. माझं सोयाबीन छान उभं राहिलं. पाचव्या-सहाव्या दिवशी बांधावर उभं राहिलं की ओळी सरळ दिसत होत्या. घरचंच बियाणं, ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण तपासलेलं. चौऱ्याऐंशी उगवले होते. ती तपासणी तू हल्ली मंचावरून शिकवतोस, मी वीस वर्षं करतो. पण त्याला कोणी शाल देत नाही.

गावात काही ठिकाणी उगवण कमी आहे. पाऊस, दुसरं काय. मंजुळाबाईंच्या दोन एकरांत ओळ शोधावी लागते. चार पावलं चालावं तेव्हा एक रोप. माती उकरून पाहिली तर दाणे आत कुजलेले, साल एकीकडे आणि डाळ एकीकडे. त्यांनी या वर्षी पहिल्यांदाच कंपनीची थैली न घेता घरचं बियाणं राखलं होतं, तुझे शब्द उतरवलेली वही समोर ठेवून चोळलं होतं. गावात सहा घरांनी तसं केलं. सहाही घरी हेच. धामणगाव बढ्याहूनही कोणीतरी उत्तमरावांना फोन केला म्हणे.

लोक तुझ्याबद्दल बोलतात. पारावर एकजण म्हणाला, “खुर्चीवर बसलं म्हनून काय शेती येते काय?” हे मी म्हटलं नाही. मी फक्त ऐकत होतो. तुझी बाजू घ्यायला हवी होती, पण तेवढ्यात चहा आला.

मला वाईट वाटलं. तसं मी विमललाही सांगितलं. ती भाकरी थापत होती. माझ्याकडे वळून म्हणाली, “वाईट वाटून राह्यलं तं हसून काऊन राह्यले?”

मी हसत नव्हतो. माझं तोंडच तसं आहे.

शेषराव


ता. चिखली
२ जुलै

पुंजाजी,

बातमी दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. काल उत्तमराव घरी आले होते. ऑगस्टमध्ये बुलढाण्याला जिल्ह्याची शेतकरी परिषद आहे. बीजप्रक्रियेवर बोलायला तुझं नाव ठरलं होतं. ते आता काढलं. त्यांनी तुला कळवलं की नाही ते माहीत नाही. ओसरीवर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, “शेषरावभाऊ, तुमी इतक्या वर्सापासून येऊन राह्यले. तुमचं सोयाबीन पाहून आलो. आता तुमीच बोला.”

पुंजाजी, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. उत्तमराव फाटकाबाहेर गेले आणि मी आत जाऊन आरशात पाहिलं. पांढरा सदरा शिवायला टाकला. फलकावर नाव कसं लिहायचं हे त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, जसं पुंजाजीचं लिहिलं होतं तसंच. मा. लावा.

तुला वाटेल, हा जळतो. जळतो. सोळा वर्षं मी खाली बसून प्रश्न विचारले आणि तू वर बसून उत्तरं दिलीस, तेही माझ्याच शेतात पाहिलेल्या गोष्टींची. गांडूळखताचा वाफा तू माझ्याकडे पाहिलास. फवारणीच्या दशपर्णी अर्काचं माप माझ्या वहीतलं. तू सांगितलंस की लोक हसतात, समजून घेतात, तुझ्याभोवती गोळा होतात. तेच मी सांगितलं की माणसं घड्याळाकडे बघतात. हे मला झेपलं नाही. तू माझा मित्र नसतास तर कदाचित झेपलं असतं.

मघाशी मंजुळाबाई आल्या होत्या. मला वाटलं, तुला शिव्या द्यायला आल्या असतील. तसं नव्हतं. पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, तुमी तं माह्या बाजूलेच बसले होते. तुमीही तेच आयकलं. मंग तुमचं कसं काय उगवलं?”

मी म्हणालो, नशीब.

त्या पदराने तोंड पुसून उठल्या आणि गेल्या. त्या गेल्यापासून हे पत्र लिहायला बसलोय.

तर ऐक. मी चोळलं नव्हतं. सोयाबीनची साल कांद्याच्या पापुद्र्याइतकी नाजूक असते. थैली जोराने आपटली तरी उगवण उतरते. त्याला बीजामृताचा नुसता हलका हात लावायचा, तोही वरच्यावर, आणि लगेच सावलीत पसरायचं. रगडलं की साल सुटते आणि दाणा मातीत कुजतो. हे मला माहीत होतं. तू घमेल्यात हात घातलास तेव्हा मी खांबाजवळून सगळं पाहत होतो. उत्तमरावांनी माइक माझ्यापुढे धरला होता. एका वाक्याचं काम होतं. मी गप्प बसलो. घसा बसला नव्हता.

गप्प बसलो, एवढंच. एवढ्यासाठी कोणी कोणाला फासावर देत नाही.

शेषराव


ता. चिखली
९ जुलै

पुंजा,

तुझं पोस्टकार्ड आलं. तारखेवरून दिसतं की माझं तिसरं पत्र तुला मिळायच्या आधीच तू ते टाकलंस. तू बोलतोस तसंच लिहितोस, त्यामुळे वाचताना तू समोर बसून बोलतोयस असं वाटलं. ते मी विमलला वाचून दाखवलं नाही. इथे पुन्हा उतरवतो, कारण तुझ्यासमोर ते एकदा वाचायला हवं.

‘शेषराव, तुही दोन्ही पत्रं भेटली. तुही उगवन चांगली झाली, बरं वाटलं. लोक मले बोलून राह्यले ते बरोबर हाय. शंभर दाने गोनपाटात ठिवून पाहा असं म्या लोकाईले सांगतो, अन् चोळल्यावर म्याच ते पाह्यलं नाई. शेषरावनं सांगतलं म्हनल्यावर पाहाची काय गरज, असं वाटलं. तुहं नाव म्या कोनाजवळ घेतलं नाई, घेनार नाई. फोन उचलत नाई त्याचा राग नको धरू. शरम वाटते.’

शरम तुला वाटते!

आता जे लिहितो ते फोनवर सांगता आलं नसतं. फोनवर मी काय करतो ते आपण दोघांनी पाहिलंच आहे.

मी पहिल्या पत्रात लिहिलं की तुझा फोन आला तेव्हा घाईत होतो, काय बोललो ते आठवत नाही. खोटं. मी गोठ्यात गव्हाणीपाशी उभा होतो, काही काम नव्हतं. हातात चिखलीच्या कार्यशाळेची निमंत्रणपत्रिका होती. तुझं नाव वर जाड अक्षरात होतं आणि माझं पाकिटावर पेनाने लिहिलेलं. तू विचारलंस, “शेषराव, हरबरा म्या जिंदगीभर चोळला. सोयाबीन कदी पेरलंच नाई. यावेळी लोक सोयाबीनचं दाखवा म्हनून राह्यले. त्यालेही असंच दोन्ही हातानं चोळू काय बे?”

मी म्हणालो, “हाव, तसंच. चांगलं रगड.”

‘तसंच’पुरतं तरी म्हणता आलं असतं की माझं लक्ष नव्हतं. पण ‘चांगलं रगड’ हे तू विचारलंच नव्हतंस. ते मी माझ्याकडचं घातलं. मला वाटलं, समोर बसलेल्यांतून कोणीतरी जाणता उठेल, तुला टोकेल, चार माणसांत तुझी फजिती होईल आणि मला एक दुपार बरं वाटेल. एवढंच हवं होतं. पण त्या मंगल कार्यालयात सोयाबीनचं बियाणं राखणारा जाणता माणूस एकच होता, आणि तो खांबाजवळ बसून टाळ्या वाजवत होता. कोणी उठलं नाही. लोक ते ऐकून घरी गेले आणि त्यांनी तसंच केलं.

आणखी एक गोष्ट राहिली. कार्यशाळेहून परत येताना जीपमध्ये दोघंतिघं तुझ्याबद्दल काहीबाही बोलले. तुझ्या जातीवरून. काय बोलले ते लिहीत नाही, तू जन्मभर ऐकलं आहेस. तुझ्या घरी मी जेवलोय, माझ्या पोरीच्या लग्नात तू चार दिवस राबलास. मी जीपमधून बाहेर बघत बसलो. मला वाटतं, सोयाबीनच्या खोटेपणापेक्षा हे जुनं आहे आणि वाईटही आहे. तुझी खुर्ची मला एवढी का टोचली, याचं उत्तर मी शोधत गेलो तेव्हा ते मला त्या जीपमध्येच सापडलं. मी त्यांच्यासारखं बोललो नाही, पण त्यांचं बोलणं मला टोचलंही नाही.

तुझं पोस्टकार्ड आलं त्याच संध्याकाळी मंजुळाबाईंच्या घरी दोन थैल्या बियाणं पोचवलं, ज्यातले शंभरात चौऱ्याऐंशी उगवले होते त्यातलंच. दुबार पेरणीसाठी राखून ठेवलेलं होतं. कारण काय ते सांगितलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “बाकीच्या पाच घरी कोन सांगनार?” दुसऱ्या दिवशी पाचही घरी गेलो. दोन ठिकाणी बसायला सांगितलं नाही. एका ठिकाणी चहा दिला, तो पिणं जास्त अवघड गेलं.

घरी विमल तेवढं म्हणाली, “आता खरं तोंड दिसून राह्यलं.”

परिषदेचं अजून उत्तमरावांना काही बोललो नाही. सदरा शिवून आला आहे. अंगात चांगला बसतो.

शेषराव


बुलढाणा, बस स्टँड
१० ऑगस्ट

पुंजा,

गाडीला अजून वेळ आहे म्हणून इथेच बाकावर बसून लिहितो. नव्या सदऱ्यावर शेणाचे डाग पडले आहेत.

मी बोललो. आधी उत्तमरावांना सांगून टाकावं असं दहादा मनात आलं, पण भीती वाटली की ते माझं नाव काढतील. तेव्हाही खुर्चीच सुटत नव्हती, हे लपवत नाही. सभागृहात चारशे माणसं होती. फलकावर नाव होतं, मा. होता. मंचावर गेलो, खुर्चीच्या पाठीला हात लावून पाहिला. मऊ होती. बसलो नाही. बसलो असतो तर उठलो नसतो.

टेबलावर घमेलं, बीजामृत, सगळं मांडलेलं होतं. मी सोयाबीनचे दोन भाग केले. एका भागाला हलका हात लावला. दुसऱ्यात दोन्ही हात घातले आणि तू चोळलंस तसंच रगडलं. मग ओंजळ भरून खाली उतरलो आणि पहिल्या रांगेपासून एकेकाला दाखवत गेलो. साली सुटून हाताला चिकटल्या होत्या. शेवटच्या रांगेपर्यंत गेलो. मग तिथूनच, माइकशिवाय, बोललो.

“मे महिन्यात चिखलीले पुंजाजीनं हे असं चोळून दाखवलं. तुमी त्याले बोलून राह्यले. पन त्यानं मले आधी इचारलं होतं. मले बरोबर मालूम होतं, अन् म्या त्याले मुद्दाम चुकीचं सांगतलं. तो मंचावर बसते अन् मी खाली, याच्यापायी. ज्याचं बियानं कुजलं त्यानं मले बोलावं.”

मला वाटलं होतं की कोणी चप्पल तरी फेकेल. उत्तमराव मंचावर उभे होते, त्यांना हसावं की रागवावं ते कळत नव्हतं. मग मधल्या रांगेतून आमच्या मंजुळाबाई उठल्या. गावातल्या चारजणींना घेऊन आल्या होत्या, मला पत्ताही नव्हता.

त्या म्हणाल्या, “ते झालं. आता पुंजाजीभाऊचा नंबर सांगा. आमी त्याहिले लय बोललो, फोन कराचा हाय.”

मागून आणखी कोणी म्हणालं, “हाव, नंबर सांगा.” मी सांगितला. मला तो पाठ आहे. दोनदा सांगितला, तू सांगितला होतास तसाच, आणि बाया तळहातावर लिहू लागल्या. मग टाळ्या पडल्या. चारशे माणसांच्या टाळ्या मी आयुष्यात पहिल्यांदा उभा राहून ऐकल्या आणि त्या तुझ्यासाठी होत्या. खरं सांगतो पुंजा, तेव्हाही पोटात दुखलं. कमी दुखलं, पण दुखलं. हे काही एका दिवसात जाणारं दिसत नाही, आणि गेलं असं मी तुला लिहिणार नाही.

उत्तमराव नंतर बाजूला घेऊन म्हणाले की पुढच्या कार्यशाळेला मला बोलावणं आता अवघड आहे. मी म्हणालो, खाली बसायला तर येऊ शकतो ना? ते म्हणाले, खाली बसायला कोणालाच मनाई नाही. जाताना त्यांनी पिशवी दिली. बत्तिसावी.

तुला आजपासून फोन येतील. उचल. त्यांत माझा नसेल. तुझं मन होईल तेव्हा तू कर, नाही झालं तरी समजेन. पण पुढे कधी मला काही विचारावंसं वाटलं, पिकाचं, खताचं, कशाचंही, तर विचार. मी सांगेन. मी सांगितलं म्हणून लगेच कोणाला शिकवू नकोस, एवढंच.

या पाकिटात एक पुडी आहे. माझ्याच थैलीतलं सोयाबीन, हलका हात लावून वाळवलेलं. ओल्या गोणपाटात ठेव आणि सहाव्या दिवशी बघ. दाणे शंभर आहेत असं मी म्हणतो. तू मोजून घे.

शेषराव